नाइलाज कोणाचा?

‘नियमात बसत नाही.’ ‘आमचा नाइलाज आहे.’ ‘तांत्रिक अडचण आहे.’ ‘निधीची मर्यादा आहे.’ ही वाक्यं जगातल्या कुठल्याही खिडकीपुढे, कुठल्याही भाषेत ऐकू येतात आणि त्यांचं काम एकच असतं: पुढचं बोलणं बंद करणं. यातल्या एकाही वाक्यात माणूस कर्ता म्हणून येत नाही. नियम असतो, अडचण असते, मर्यादा असते. ती कोणी घातली, केव्हा घातली, कशासाठी घातली आणि थोडी सैल केली तर काय होईल, याचा पत्ता नसतो. ऐकणारा मान डोलावतो आणि निघतो. बंधन म्हटलं की निमूट पाळायचं नाहीतर त्याच्या नावानं बोटं मोडायची, एवढे दोनच मार्ग आपल्या अंगवळणी पडले आहेत.

गणित, यंत्रशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र या क्षेत्रांत मात्र कन्स्ट्रेंट, म्हणजे बंधन, हा रोजच्या कामाचा शब्द आहे आणि तिथं बंधन सांगितलं की बोलणं सुरू होतं. ते लिहून काढावं लागतं. ते आत्ता खरोखर आवळतंय की नुसतं कागदावर पडून आहे, हे तपासता येतं. तसूभर सैल केलं तर किती फरक पडेल, याचा आकडा काढता येतो. सार्वजनिक कारभारात जो कोणी बंधनाचं कारण पुढे करतो, त्यानं ते या भाषेत सांगितलं पाहिजे, असं माझं मत आहे. ही मागणी फार मोठी नाही. तरी ती क्वचितच केली जाते, कारण रोजच्या बोलण्यातला ‘नाइलाज’ सांगणाऱ्याच्या सोयीचा असतो आणि ऐकणाऱ्याच्याही सवयीचा.

आधी या सवयीकडे पाहू. प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. त्याहून वेगानं निरोप धाडता येत नाही. उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाची कार्यक्षमता दोन तापमानांवरून ठरणाऱ्या एका सीमेपलीकडे जाऊ शकत नाही, हे सादी कार्नो यानं १८२४ साली मांडलं. कुठल्याही सभेला ठराव करून ती सीमा वाढवता येणार नाही. या गोष्टी कोणी ठरवलेल्या नाहीत. अर्जाची शेवटची तारीख, वयाची अट, प्रवेशाच्या जागा, खात्याला मिळालेली रक्कम या मात्र माणसांनी, बैठकीत बसून, बहुधा घाईघाईनं ठरवलेल्या गोष्टी. आणि तिसरा ढीग निव्वळ सवयीचा: पूर्वी कधीतरी कारण होतं, आता कोणाला आठवत नाही. या तिन्हींना आपण एकाच सुरात ‘काय करणार, मर्यादा आहेत’ म्हणतो, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातल्या गोष्टींना फुकटात पहिल्याची प्रतिष्ठा मिळते. बैठकीतला निर्णय गुरुत्वाकर्षणाच्या रांगेत जाऊन बसतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण शहाणपणाचीच आहे. पण तिचा सगळा उपदेश पायांना आहे. अंथरूण कोणी बेतलं आणि शेजाऱ्याला दुप्पट लांब कसं मिळालं, हा प्रश्न त्या म्हणीला पडत नाही.

बंधन लिहून काढणं म्हणजे काय, याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण मला जॉर्ज डँटझिगच्या आहाराचं वाटतं. डँटझिग हा अमेरिकी गणिती. ठरावीक साधनसामग्री आणि ठरावीक अटी यांत सर्वांत चांगला पर्याय कोणता, हे शोधून काढण्याची ‘सिम्प्लेक्स’ पद्धत त्यानं १९४७ साली बसवली. त्या पद्धतीची पहिली मोठी कसोटी आहाराच्याच गणितावर झाली. ७७ पदार्थ, ९ पोषकद्रव्यं, आणि प्रश्न असा की सगळ्या पोषणाची गरज भागवून वर्षाचा खर्च कमीत कमी किती? जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञानं १९४५ साली अंदाजानं ३९.९३ डॉलर हे उत्तर काढलं होतं. नव्या पद्धतीनं गणित करायला नऊ कारकून हातानं चालवायची गणकयंत्रं घेऊन बसले, १२० मनुष्यदिवस खपले आणि उत्तर आलं ३९.६९ डॉलर. एवढा खटाटोप करून चोवीस सेंट वाचले, याचं हसू येतं खरं. पण स्टिगलरचा अंदाज किती अचूक होता आणि नवी पद्धत खरंच चालते, या दोन्ही गोष्टी त्यातून कळल्या.

पुढे १९५०च्या दशकात डॉक्टरांनी डँटझिगला वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यानं स्वतःचा आहार यंत्राकडून, म्हणजे संगणकाकडून, ठरवून घ्यायचं मनावर घेतलं. पोट भरल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणून त्यानं उद्दिष्ट ठेवलं: अन्नाच्या वजनातून त्यातल्या पाण्याचं वजन वजा करून जे उरेल, ते जास्तीत जास्त हवं. उष्मांकांची मर्यादा आणि पोषणाच्या अटी होत्याच. यंत्रानं पहिल्याच फटक्यात दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं. म्हणजे सुमारे १९०० लिटर! कोष्टकात व्हिनेगरमधल्या पाण्याचं प्रमाण शून्य नोंदलेलं होतं, त्यामुळे यंत्राच्या लेखी तो भरपूर वजनाचा आणि जवळजवळ उष्मांक नसलेला आदर्श पदार्थ ठरला. व्हिनेगर काढून टाकल्यावर यंत्रानं सुपाच्या २०० वड्या सुचवल्या. डँटझिगनं तीन वड्या गरम पाण्यात विरघळवून घोट घेतला आणि थुंकून टाकला, इतकं ते खारट होतं. दिवसाला किती मीठ चालेल याची वरची मर्यादा त्यानं कुठे लिहिलीच नव्हती. मग त्यानं वड्यांवर तीनची कमाल मर्यादा घातली. तेव्हा यंत्र कोंड्यावर घसरलं, कोंड्याला आळा घातल्यावर काकवीवर. शेवटी पत्नीनंच त्याच्यासाठी आहार ठरवला.

या गोष्टीत यंत्र मूर्ख ठरलं, असं आपण हसत म्हणतो. पण दिलेली एकही अट यंत्रानं मोडली नव्हती. ‘माणूस एका दिवसात इतकं खारट खाऊ शकत नाही’ हे डँटझिगला माहीत होतं, त्याच्या पत्नीला माहीत होतं, कोणालाही माहीत असतं. फक्त ते लिहिलेलं नव्हतं. बंधन लिहिण्याची सक्ती झाली की पहिल्यांदा कळतं, आपण किती गोष्टी गृहीत धरून चाललो होतो. सरकारी योजनांचं नेमकं हेच होतं. ‘जास्तीत जास्त घरांना जोडणी’ असं उद्दिष्ट ठरतं, जोडणीतून रोज काही मिळालं पाहिजे ही अट लिहायची राहते, आणि वर्षअखेरीस आकडा पुरा झालेला असतो, पण नळ कोरडा असतो. अंमलबजावणी करणाऱ्यांनी फसवलं असं आपण म्हणतो. त्यांनी पुष्कळदा फक्त व्हिनेगर निवडलेलं असतं.

दुसरी गोष्ट आवळणाऱ्या आणि ढिल्या बंधनांची. एखाद्या प्रश्नावर पन्नास अटी असल्या तरी उत्तराला प्रत्यक्ष अडवणाऱ्या त्यातल्या मोजक्याच असतात. बाकीच्या असून नसल्यासारख्या. जी अट आवळते तिला एक किंमत असते: ती एककानं सैल केली तर एकूण फायदा कितीनं वाढेल, ती. हिला शॅडो प्राइस, छायामूल्य, म्हणतात. ढिल्या अटीचं छायामूल्य शून्य. लिओनिद कांतोरोविच या सोव्हिएत गणितीकडे १९३०च्या दशकाच्या शेवटी लेनिनग्राडमध्ये प्लायवूड उद्योगाचा प्रश्न आला: कोणत्या यंत्रावर कोणतं लाकूड किती वेळ चढवायचं म्हणजे उत्पादन सर्वाधिक होईल? उत्तर काढताना त्याला प्रत्येक टंचाईमागे दडलेली अशी एक किंमत सापडली. त्याचं टिपण १९३९ साली छापलं गेलं, पण सविस्तर पुस्तक यायला १९५९ उजाडलं. वस्तूचं मूल्य श्रमातून येतं, ही तिथली अधिकृत धारणा. टंचाईतून किंमत निघते असं गणितानं सांगणं अंगाशी येण्यासारखं होतं. १९७५ साली त्याला तिआलिंग कूपमन्सबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला या हकिकतीत रस आहे तो वेगळ्या कारणानं. सर्वंकष सत्तेलाही जी गोष्ट खुपली ती म्हणजे बंधनाची किंमत उघड होणं. किंमत उघड झाली की ‘साधनं अपुरी आहेत’ एवढ्यावर भागत नाही. कोणतं साधन, आणि ते कुठे वाया चाललंय, हेही सांगावं लागतं.

ढिल्या अटीवर खर्च करणं ही तर सार्वजनिक कारभाराची जुनी खोड. २०२०च्या एप्रिलमध्ये लंडनमधल्या प्रदर्शन केंद्रात नाइटिंगेल रुग्णालय काही दिवसांत उभं राहिलं. गरज पडली तर ४००० खाटांपर्यंत वाढवता येईल, अशी त्याची आखणी होती. कोविडच्या पहिल्या लाटेत तिथं ५४ रुग्णांवर उपचार झाले. याचं एक कारण चांगलं होतं: जुन्या रुग्णालयांनी आपापले अतिदक्षता विभाग वाढवले आणि भीती होती तेवढा लोंढा तिकडे गेलाच नाही. पण दुसरं कारणही होतं. अतिदक्षता विभागातल्या रुग्णामागे एक प्रशिक्षित परिचारिका, हा ब्रिटनमधला नेहमीचा दंडक. त्या परिचारिका कुठून आणायच्या? माणसं नसल्यामुळे तिथं काही रुग्ण घेता आले नाहीत, अशा बातम्या तेव्हाच आल्या. खाट बाजारातून विकत आणता येते आणि तिचा फोटो काढता येतो. अतिदक्षतेची परिचारिका तयार व्हायला वर्षं लागतात. जे बंधन खरोखर आवळत होतं त्याचा फोटो निघत नव्हता. संकटाच्या त्या आठवड्यांत निर्णय घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही; पण एरवीही ‘खाटा वाढवू’, ‘वर्गखोल्या बांधू’, ‘रस्ता रुंद करू’ अशा घोषणा ऐकल्या की या अटीचं छायामूल्य किती, असं विचारायला हवं. डॉक्टर नसतील तर खाटेचं, शिक्षक नसेल तर खोलीचं ते शून्य असतं.

इथं एक लाडका युक्तिवाद आडवा येतो: बंधनातच खरं स्वातंत्र्य आहे, वृत्ताच्या चौकटीतच कविता फुलते, वगैरे. यात तथ्य आहे आणि यंत्रशास्त्रात ते स्वच्छ दिसतं. मोकळ्या घन वस्तूला हालचालीच्या सहा दिशा असतात, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. फळीला भिंतीशी बिजागरी जोडली की त्यातल्या पाच जातात, एक उरते, आणि त्या एकीमुळेच फळीचं दार होतं. लंबकाचा दोरा कापला तर गोळा मोकळा होईल, पण लंबक राहणार नाही. सगळं खरं. तरीही हा युक्तिवाद भाषणात ऐकला की मी सावध होतो, कारण तो बहुधा बंधन घालणाऱ्याच्या तोंडी असतो. वृत्त कवीनं स्वतः निवडलेलं असतं, आणि नकोसं झालं तर तो मुक्तछंदात लिहू शकतो. ज्याला निवडीचा आणि सोडण्याचा हक्क नाही, त्याला चौकटीतल्या सौंदर्याचं प्रवचन देणं ही थट्टा झाली.

शिवाय त्याच दाराकडे जरा जवळून पाहा. एका बिजागरीनं तत्त्वतः काम भागतं. वजन पेलायला आपण दोन-तीन बसवतो. त्या तिन्ही अगदी एका रेषेत असल्या तरच दार हलतं. एक जरी चुकीच्या जागी बसली की दार करकरतं, अडकतं आणि जोर लावला तर स्क्रू उपटून येतात. यातली प्रत्येक बिजागरी स्वतंत्रपणे निर्दोष असते. अभियंते याला अतिबंधन म्हणतात: गरजेपेक्षा जास्त अटी एकाच वस्तूवर लादल्या की ती आतून ताणली जाते. ओळखपत्रासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, पत्ता मिळवायला भाडेकरार, भाडेकराराला बँकेचं खातं आणि खात्याला ओळखपत्र. जगभरचे स्थलांतरित या चक्रात अडकतात. चारही कार्यालयांना विचारलं तर प्रत्येकाचा नियम वाजवी निघतो. हाच प्रश्न संगणकाला सोडवायला दिला तर तो ‘उत्तर शक्य नाही’ म्हणून थांबतो, पण तेवढ्यावर सोडत नाही. चांगली सॉफ्टवेअर एकमेकींचा गळा धरणाऱ्या अटींचा लहानात लहान संच काढून दाखवतात, म्हणजे यांतली कोणतीही एक सोडा, मार्ग निघेल. माणसांच्या कार्यालयात हे काम कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. अर्जदारालाच ते पायपिटीनं करावं लागतं.

संगणकाचं एवढं कौतुक केल्यावर त्याची दुसरी बाजू सांगणं भाग आहे, कारण अलीकडे नाइलाजाचा सर्वांत पक्का पुरावा म्हणून संगणकच पुढे केला जातो: ‘सिस्टीम घेत नाही.’ माहितीचा साठा म्हणजे डेटाबेस बांधताना प्रत्येक रकान्यावर अटी घालतात: हा रिकामा चालणार नाही, याची पुनरुक्ती चालणार नाही, यात अमुकच पर्याय चालतील. या अटी फार उपयोगाच्या असतात. त्या नसत्या तर एकाच खात्याचे दोन धनी निघाले असते. पण आडनावाच्या रकान्यावर ‘रिकामा चालणार नाही’ ही खूण कोणीतरी, एका दुपारी, स्वतःला आडनाव आहे म्हणून केलेली असते. जगात एकच नाव असणारी कोट्यवधी माणसं आहेत. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, एकेका नावाचेच होते. अशा माणसाच्या अर्जात मग आडनावाच्या जागी तेच नाव पुन्हा भरतात किंवा नुसतं टिंब देतात, आणि पुढे दोन कागदांवरची नावं जुळत नाहीत म्हणून त्यालाच खुलासा मागतात. सिस्टीम घेत नाही हे खरं आहे. ती घेणार नाही असं कोणी ठरवलं, ते मात्र विचारायचं नसतं.

तटस्थ दिसणारी तांत्रिक मर्यादा सगळ्यांना सारखी लागत नाही, हे मोबाइलच्या एसएमएसमध्ये तर अक्षरशः मोजता येतं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या सात-बिटी संचात त्यात १६० अक्षरं मावतात. देवनागरी, अरबी, चिनी अशा लिपींसाठी साधारणपणे अक्षरामागे सोळा बिट लागतात, म्हणून मावतात ७०. त्यातही ‘क्षि’ हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, यंत्राला चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. संदेश लांबला की तुकडे जोडायला जागा लागते, आणि एका तुकड्यात ६७च उरतात. म्हणजे इंग्रजीत दीडशे अक्षरांचा निरोप एका एसएमएसमध्ये जातो आणि देवनागरीत तेवढ्याच लांबीच्या निरोपाचे तीन होतात. पैसेही तीनचे. १९८०च्या दशकात ज्यांनी हे प्रमाण ठरवलं त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. जागा कमी होती आणि समोर युरोपातल्या भाषा होत्या. पण ‘१४० बाइट’ हे बंधन तंत्राचं आणि ते कोणत्या लिपीच्या मापानं बेतायचं हा निर्णय माणसांचा. दोन्हींना मिळून ‘तांत्रिक मर्यादा’ म्हटलं की दुसरा पहिल्यामागे लपतो.

आणि मर्यादा एकदा बसली की कारण गेल्यावरही बसून राहते. आयबीएम या कंपनीनं १९२८ साली माहिती नोंदवायचं ८० रकान्यांचं छिद्रांचं कार्ड आणलं. पुढे संगणकाचे पडदे आले तेही ८० अक्षरं रुंद. कार्डं संग्रहालयात गेली, पडदे भिंतीएवढे झाले, तरी पायथॉन या संगणकभाषेच्या अधिकृत शैलीपत्रकात ओळीची मर्यादा आजही ७९ अक्षरांची आहे. तिथं त्याला नवं कारण सापडलं आहे, ओळी आखूड असल्या की अनेक फाइली शेजारी-शेजारी उघडून पाहता येतात; त्यामुळे तक्रार नाही. पण प्रत्येक जुन्या अटीला असं नवं कारण सापडतंच असं नाही. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञानं कारखान्यांतल्या अडथळ्यांचा जो सिद्धान्त १९८०च्या दशकात मांडला, त्याच्या पायऱ्यांतली शेवटची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते: एक अडथळा दूर झाला की पुन्हा पहिल्यापासून तपासा, नाहीतर त्या अडथळ्यासाठी केलेले नियमच पुढचा अडथळा होतील.

बंधन सगळ्यांना सारखंच बंधन असतं, हाही एक गोड समज आहे. यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थतज्ज्ञानं १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘सॉफ्ट बजेट कन्स्ट्रेंट’ ही कल्पना मांडली. समाजवादी अर्थव्यवस्थेतल्या कारखान्यांना अंदाजपत्रक होतं, पण तोटा झाला तर सरकार भरून देणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. कागदावर बंधन, वागण्यात नाही. ही कल्पना समाजवादाबरोबर गेली नाही. २००८ साली बुडू दिल्या तर सगळंच कोसळेल म्हणून ज्या बँका सार्वजनिक पैशानं तगवल्या गेल्या, त्यांचंही अंदाजपत्रक असंच मऊ निघालं. त्याच काळात घराचा हप्ता चुकवलेल्या कुटुंबाचं मात्र दगडासारखं कठीण होतं. ‘पैसे नाहीत’ हे वाक्य ऐकलं की खरा प्रश्न पैसे आहेत की नाहीत हा नसतोच. कोणासाठी नसतात, हा असतो.

तांत्रिक भाषा वापरली की आपोआप शिस्त येते, असा माझा दावा नाही. चॅलेंजर यानाची कथा त्याविरुद्ध उभी आहे. अमेरिकेच्या नासामध्ये ‘लाँच कन्स्ट्रेंट’ ही रीतसर संज्ञा होती: अमुक दोष सुटल्याशिवाय किंवा त्याबद्दल लेखी समर्थन दिल्याशिवाय उड्डाण नाही. एप्रिल १९८५च्या उड्डाणानंतर इंधनरॉकेटच्या एका सांध्यातलं रबरी कडं जळून पार झाल्याचं आढळलं आणि त्यावरून असं बंधन लावलं गेलं. मग पुढच्या प्रत्येक उड्डाणाआधी ते उठवलं गेलं. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही जण गेले. त्या वेळी दगा दिला तो रॉकेटच्या सांध्यातल्या अशाच कड्यांनी. चौकशी आयोगाला आढळलं की बंधन लावणं आणि ते उठवणं या दोन्हींची माहिती व्यवस्थापनाच्या सगळ्या पातळ्यांवर गेलीच पाहिजे, अशी काही व्यवस्थाच नव्हती. बंधन होतं, लेखी होतं, नाव होतं. ज्याच्या हातात ते लावायचं होतं त्याच्याच हातात उठवायचंही होतं, आणि उठवण्याचा आवाज बाहेर येत नव्हता. म्हणून मी अटीइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व सवलतीच्या नोंदीला देतो. कोणत्या अटीतून कोणाला, कधी, कोणाच्या सहीनं सूट मिळाली, याची वही उघडी नसेल तर नियमांची पुस्तकं कितीही सुबक छापा.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. प्रत्येक बंधनाची किंमत काढायची ठरवली तर जी बंधनं विकाऊ असताच कामा नयेत तीही तराजूत जातील. थोडा छळ केला तर माहिती मिळेल, मग छळबंदीचं छायामूल्य किती? रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञानं १९७४ साली हक्कांना ‘साइड कन्स्ट्रेंट’ म्हटलं ते याचसाठी: हक्क हे वाढवत नेण्याचं उद्दिष्ट नाही, कोणतंही उद्दिष्ट गाठताना ओलांडायची नाही अशी ती रेघ आहे. त्याचं बाकीचं राजकारण मला पटत नाही, ही रेघ पटते. पण तीही लिहूनच काढावी लागते. छळाविरुद्धच्या १९८४च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं दुसरं कलम तेच करतं: युद्ध असो, अंतर्गत अस्थिरता असो, आणीबाणी असो, कोणतीही असाधारण परिस्थिती छळाचं समर्थन ठरणार नाही, आणि वरिष्ठाचा आदेश हीही सबब नाही. ‘वरून आदेश होता’ ही नाइलाजाची सगळ्यात जुनी आवृत्ती त्यात आधीच हेरून ठेवलेली आहे. कठोर बंधन असं लिहावं लागतं. किंमत काढायची नाही असं ठरवलं तर तसं ठरवल्याचंही सांगावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आणि मला जास्त सतावणारा आहे. लिहिलेल्या अटीत पळवाट शोधणारे पटाईत असतात, आणि न लिहिलेल्या ढिलाईवर गरीबही जगतो. एखादा भला कारकून तारीख उलटून गेलेला अर्ज दोन दिवस मागची तारीख टाकून घेतो, एखादी शिक्षिका कागद अपुरा असलेल्या मुलाला वर्गात बसू देते. सगळं उघड आणि नोंदलेलं झालं तर ही माणुसकी आटेल, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. काही प्रमाणात तशी आटेलच. पण अशी सूट कोणाला मिळते तेही पाहायला हवं. ज्याला नीट बोलता येतं, ज्याला पुन्हा पुन्हा खेपा घालायला वेळ आहे, ज्याचं कोणीतरी आत ओळखीचं आहे, त्याला ती जास्त वेळा मिळते. खिडकीतल्या माणसाकडे हे सगळे प्रश्न घेऊन जाण्यात अर्थ नाही. तोही त्याच पडद्यापुढे बसलेला असतो. प्रश्न अर्ज बेतणाऱ्याला विचारायचे असतात, आणि त्यासाठी अर्जावरच प्रत्येक अटीशेजारी ती कोणाच्या निर्णयानं, कोणत्या वर्षापासून लागू आहे आणि सूट कोण देऊ शकतं, हे छापलेलं हवं. सूट दिली की वहीत एक ओळ, नाकारली की एक ओळ. भल्या कारकुनाला त्या वहीत आपलं कारण लिहावं लागेल, हे थोडं जाचक आहे. पण मग निदान मोजता येईल की मागणाऱ्यांपैकी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही. आज तेही मोजता येत नाही.